२५ मीटरवर १०० यार्डांचा स्कोप : प्रकल्प नोंदी

रविवार, ८ डिसेंबर २०२४

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत.

रायफल पॉइंट टू-टू, बोल्ट ॲक्शन, जुनी, लाकडी दस्त्याची. वर ३-९×४० स्कोप, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, ४० मिमी लेन्सची दुर्बीण. हा स्कोप मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी बनलेला, त्यामुळे त्याचा पॅरॅलॅक्स (डोळा सरकला की स्कोपमधला क्रॉस टार्गेटवर सरकलेला दिसतो तो; बांधलेल्या अंतरावर तो शून्य असतो) कारखान्यातूनच १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरच्या आसपास, बांधून आला आहे. अंतर लावायची बाजूची चकती नाही, पुढच्या लेन्सवर फिरती रिंगही नाही. रिमफायरसाठी, म्हणजे टू-टूसारख्या छोट्या काडतुसांसाठी, म्हणून विकले जाणारे स्कोप बहुधा ५० यार्डांना बांधलेले असतात आणि एअर रायफलीवरचे चांगले स्कोप १० यार्डांपर्यंत खाली आणता येतात. माझा स्कोप यातला कुठलाच नाही. आणि मी मारतो २५ मीटरवर. ५० मीटरची लेन मोकळी मिळाली तर तिथे.

तक्रार अशी. बेंचवर वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून मारलं की ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, छान जमतो. उठून पाणी प्यायलो, परत बसलो की पुढचा ग्रुपही तेवढाच छान, पण आधीच्या जागेपासून सेंटिमीटरभर बाजूला. ग्रुप विखुरला असता तर काडतुसांवर किंवा नळीवर संशय घेतला असता. इथे अख्खा ग्रुपच जागा बदलतो. क्लबात यावर तीन उत्तरं ठरलेली आहेत: काडतुसांचा लॉट बदल, वारा असेल, स्कोप बदल. आज सकाळी थंडीने सगळं गोठल्यासारखं होतं आणि लेनवरची झेंडी काठीला चिकटून होती, त्यामुळे वारा बाद.

रेंज ऑफिसरला सांगून बोल्ट काढला, म्हणजे रायफल उडूच शकत नाही, आणि २५ मीटरवर सेंटिमीटरच्या चौकटींचा ग्राफ पेपर लावला. रायफल पिशव्यांत दाबून बसवली. मग दस्त्याला गाल न लावता, कशालाही हात न लावता, ९× वर नुसता डोळा स्कोपमागे डावी-उजवीकडे फिरवला. क्रॉस कागदावर चालायला लागला. चित्र एका बाजूने काळं पडेपर्यंत डोळा डावीकडे नेला, मग तसाच उजवीकडे, तर क्रॉस जवळजवळ अडीच चौकटी सरकला. रायफल जागची हललेली नाही.

दिशाही टिपून ठेवली: डोळा उजवीकडे गेला की क्रॉसही उजवीकडे. हे पुढे लागेल.

या चाचणीला एकही काडतूस लागत नाही ही मोठी सोय. आपल्याकडे काडतूस लायसन्सवर नोंद होऊन मिळतं, ते असं उधळायचं नसतं.

सोमवार, ९ डिसेंबर, रात्री

हिशोब.

पुढची लेन्स टार्गेटचं चित्र नळीच्या आत एका ठिकाणी तयार करते. क्रॉस एका ठरावीक जागी बसवलेला असतो. चित्र नेमकं क्रॉसच्याच पातळीवर पडलं तर दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात आणि डोळा कुठेही न्या, हलत नाहीत. टार्गेट जवळ आलं की चित्र लेन्सपासून जरा मागे, डोळ्याच्या बाजूला, सरकतं. मग चित्र आणि क्रॉस एकामागे एक असे दोन थर होतात आणि डोळा हलला की एकमेकांवरून घसरतात. इतकं कुठल्याही माहितीपत्रकात असतं. पण त्यावरून मिलिमीटर किती ते कळत नाही.

मिलिमीटर कळले ते स्कोपच्या बाहेरचं चित्र काढल्यावर. डोळा मध्यावर असेल तर नेम लेन्सच्या मध्यातून निघतो. डोळा कडेला गेला तर नेम लेन्सच्या कडेतून निघतो. मांडवाच्या दोऱ्या वेगवेगळ्या जागांवरून निघून एकाच खांबाला बांधलेल्या असाव्यात, तशा लेन्सच्या प्रत्येक बिंदूतून निघणाऱ्या नेमाच्या रेषा एकाच ठिकाणी भेटतात. तो खांब माझ्या स्कोपमध्ये ९१ मीटरवर आहे. त्याच्या अलीकडे कुठेही उभं राहिलं की दोऱ्या अजून पसरलेल्याच असणार. त्याच्या पलीकडे रेषा एकमेकींना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात.

मग सोपं झालं. जास्तीत जास्त चूक म्हणजे लेन्सचा अर्धा व्यास, गुणिले बांधलेलं अंतर आणि टार्गेटचं अंतर यांतला फरक, भागिले बांधलेलं अंतर. ४० मिमीच्या लेन्सला २५ मीटरवर २० × ६६ ÷ ९१, म्हणजे साडेचौदा मिमी. ५० मीटरवर ९ मिमी. १० मीटरवर १७.८. टार्गेट नळीच्या तोंडाला टेकवलं तरी २० च्या वर जाणार नाही, कारण लेन्सच तेवढी आहे.

कालच्या अडीच चौकटी म्हणजे दोन्ही बाजू मिळून २५ मिमी. हिशोबाने २९ यायला हवे होते, पण अगदी कडेला चित्र काळं पडतं आणि डोळा तिथे टिकत नाही. जुळतंय.

या सूत्रात मॅग्निफिकेशन कुठेच नाही. 'पॉवर कमी कर, पॅरॅलॅक्स जाईल' हा क्लबातला सल्ला निकालात. पॉवर कमी केल्यावर डोळा तेवढाच सरकला तर चूक कमी येते, पण जास्तीत जास्त चूक तेवढीच राहते. उलट ३× वर स्कोपच्या मागून येणारा प्रकाशाचा झोत हिशोबाने १३ मिमी रुंद असतो आणि दिवसा डोळ्याची बाहुली अडीच-तीन मिमीची. डोळा त्यात मोकाट फिरतो आणि कडेची काळी चंद्रकोर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त. ९× वर झोत ४.४ मिमीचा, तिथे चंद्रकोर लवकर दिसते आणि माणूस सावरून बसतो.

आणि ९ मिमी म्हणजे किती? ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.२. आपल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं ते याच मापावर, आणि स्कोपशिवाय. त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही, मागे बारीक भोकाची पीप साइट असते. त्या बारीक भोकाकडे परत यायचं आहे.

रविवार, १५ डिसेंबर

आज सगळा वेळ पॅरॅलॅक्स नसलेल्या गोष्टी बाजूला काढण्यात गेला. रेंजवर कुठलाही गोंधळ झाला की त्याला पॅरॅलॅक्स म्हणायची पद्धत पडली आहे.

पहिली गोष्ट मागच्या लेन्सची. ती आपल्या डोळ्याला क्रॉस धारदार दिसावा म्हणून फिरवायची असते, टार्गेटसाठी नाही. चाळिशी लागलेल्या माणसाने तर ती आधी लावून घ्यावी. पद्धत: स्कोप पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरायचा (सूर्याकडे नाही), क्षणभर बघायचं, डोळा काढायचा, थोडं फिरवायचं, परत क्षणभर. टक लावून बघत फिरवलं तर डोळाच जुळवून घेतो आणि चुकीच्या जागेलाही 'छान दिसतंय' म्हणतो. ही लावलेली नसेल तर पुढे टार्गेट कधी धारदार दिसतं त्यावरून पॅरॅलॅक्स ठरवता येत नाही. डोकं हलवून बघणं हीच खरी परीक्षा.

दुसरी गोष्ट उंचीची. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापेक्षा माझ्याकडे ४५ मिमी वर आहे. ५० मीटरला झीरो केलेली (त्या अंतरावर गोळी नेमावरच लागेल अशी लावलेली) रायफल, ४० ग्रेन वजनाची गोळी, वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास धरला तर २५ मीटरवर गोळी साधारण सेंटिमीटरभर वर लागते आणि १० मीटरवर दीड सेंटिमीटर खाली. गोळी नेमाच्या रेषेखालून निघून तिला गाठते, ओलांडते आणि पुन्हा खाली येते, त्यातलं हे. दर वेळी तेवढंच आणि फक्त उभ्या दिशेत. पॅरॅलॅक्स मात्र डोकं जाईल तिकडे जातो.

हे सगळं चाललेलं असताना सुभेदार साहेब शेजारच्या बेंचवर येऊन बसले. देवळालीला तोफखान्यात आयुष्य गेलेलं, आता रविवारी इथे.

"इंजिनिअर, रायफलीचा बोल्ट काढून नुसती मान काय हलवताय? देव आलाय का अंगात?"

ग्राफ पेपर दाखवला. त्यांनी स्वतः डोळा लावला, मान इकडे-तिकडे केली आणि म्हणाले, "अहो, हे आम्हाला पहिल्या महिन्यात घोकून घेतात. तोफेला एमिंग पॉइंट लांबचा का धरायचा? तोफ फायरला हातभर सरकली तरी लांबच्या टेकडीचा कोन बदलत नाही. जवळचं झाड धरलंत की गेलात बाराच्या भावात."

"पण साहेब, माझं टार्गेटच जवळ आहे."

"मग डोळा सरकू देऊ नका. सोपं आहे."

सोपं आहे! पण दोन्ही वाटा त्यातच आल्या: डोळा एका जागी बांधायचा, नाहीतर खांब जवळ आणायचा. स्कोप बदलणं ही तिसरी वाट. तिचा खर्च मी तूर्त करणार नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत लेथवर टोपी करून घेतली. काळं डेल्रिन (कडक प्लॅस्टिक), स्कोपच्या पुढच्या तोंडावर अलगद दाबून बसेल अशी, मध्ये १८ मिमीचं भोक. भोकाची धार आतल्या बाजूने तिरकी काढून घेतली, म्हणजे पातळ कडेवरून प्रकाश उडत नाही. लेथवाल्या मित्राने बसवताना विचारलं, "एवढी चाळीसची काच घेतलीस आणि आता झाकतोस?" बरोबरच आहे त्याचं.

१८ का, ते लिहून ठेवतो. लेन्सचा वापरात असलेला व्यास ४० चा १८ झाला की सूत्रातला अर्धा व्यास २० चा ९ होतो. २५ मीटरवर चूक साडेचौदावरून साडेसहा, ५० वर ९ वरून ४. शिवाय ९× वर मागचा झोत २ मिमीचा होतो, दिवसाच्या बाहुलीएवढा किंवा तिच्याहूनही लहान. डोळा जरा सरकला की चित्र मंद होतं, म्हणजे टोपीच ओरडून सांगते. याहून लहान भोक केलं तर ९× वर चित्र मऊ पडायला लागतं. १८ ही जवळजवळ हद्द आहे.

पीप साइटमध्ये हेच काम मागचं भोक करतं. इथे ते पुढे केलं.

मला काळजी होती की भोकातून बघितल्यासारखं दृश्य आखूड होईल. होत नाही. घरी आल्यावर गच्चीवरून पांडवलेण्याच्या डोंगराकडे टोपी घालून आणि काढून बघितलं, तर दिसणारा भाग तेवढाच, फक्त उजेड कमी. लेन्सचा प्रत्येक तुकडा अख्खं चित्र बनवत असतो, झाकल्याने चित्राचा तुकडा जात नाही.

उजेड हिशोबाने पाचवा हिस्सा. डोळ्याला मात्र तेवढा कमी वाटत नाही, कारण दिवसा ४.४ मिमीच्या झोतातला बराच प्रकाश तसाही बाहुलीच्या बाहेर पडून वाया जातो. संध्याकाळी साडेपाचनंतर मात्र टोपी निरुपयोगी.

रविवार, २२ डिसेंबर

टोपी घालून ग्राफ पेपर, २५ मीटर, बोल्ट बाहेर. क्रॉस टोकापासून टोकापर्यंत साधारण एक चौकट. आधी अडीच होता.

एक बारीक गोष्ट सापडली, ती मला आवडली. टोपीचं भोक लेन्सच्या मध्यावर नसेल तर काय? मग डोळा कायम किंचित कडेनेच बघतोय असं होणार. भोक १ मिमी बाजूला असेल तर २५ मीटरवर नेम कायमचा ०.७ मिमी बाजूला. एवढ्याने बिघडत नाही, पण दर वेळी टोपी वेगळ्या कोनात बसली तर तो ०.७ गोल फिरत राहणार. म्हणून टोपीवर आणि स्कोपवर पांढऱ्या नेलपॉलिशची एकेक रेघ ओढली. रेघेला रेघ लावूनच बसवायची. क्रॉस कागदावर ठेवून टोपी हळूहळू पूर्ण फिरवून बघितली, डोळ्याला फरक दिसला नाही. लेथचं काम चोख आहे.

आणखी एक. टोपी घालायची ठरली तर झीरोही टोपी घालूनच करायचा.

शनिवार, २८ डिसेंबर

गाल.

खरं दुखणं इथे आहे असं मला आता वाटायला लागलंय. हा दस्ता लोखंडी साइटसाठी, स्कोपशिवाय नेम धरायला, घडवलेला, म्हणजे गाल खाली टेकला की डोळा नळीच्या जरा वर येतो. स्कोप त्याहून वर बसतो. मग गाल सुटतो आणि हनुवटी टेकते, आणि हनुवटीवर तोललेलं डोकं दर वेळी नव्या जागी. एनसीसीत २५ यार्डांवर पॉइंट टू-टू डीलक्स मारली तेव्हा गाल लाकडात रुतवायला शिकवलं होतं. त्या रायफलीवर स्कोप नव्हता, म्हणून ते जमायचं.

जुन्या योगा मॅटचे पट्टे कापून दस्त्यावर थर दिले आणि वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवला. दिसायला गबाळं आहे. बोल्ट मागे येताना अडू नये म्हणून पुढचा भाग तिरका कापला.

उंची ठरवायची रीत: डोळे मिटून गाल टेकायचा, मान सैल सोडायची, मग डोळा उघडायचा. चित्राभोवती काळी कड सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. चंद्रकोर खाली किंवा वरच्या बाजूला आली तर डोळा मध्यावर नाही, थर कमी-जास्त करून बघायचा. पुतणी १० मीटर एअर रायफल मारते, तिने मागे उभं राहून माझं डोकं बघितलं. "काका, तुम्ही मान पुढे नेऊन स्कोप शोधताय. स्कोप तुमच्याकडे यायला हवा." मग रिंगा ढिल्या करून स्कोपच दोन सेंटिमीटर मागे घेतला. तिचं बरोबर होतं. तिच्या ॲल्युमिनियमच्या दस्त्याला गालाची पट्टी स्क्रूने वर-खाली होते. आमच्याकडे योगा मॅट.

रविवार, ५ जानेवारी २०२५

गालाच्या गादीने फरक पडला. उठून परत बसल्यावर ग्रुप आता जवळपास तिथेच पडतो. टोपी न घालताही. म्हणजे पॅरॅलॅक्स आहे तेवढाच आहे, पण डोळा त्याच्या कडेला जातच नाही.

इथे थांबता आलं असतं. पण घरी एक दुसरा जुना ३-९×४० पडून आहे, त्याचीही बांधणी १०० यार्डांचीच. त्याची पुढची लेन्स सैल करून खांब जवळ आणता येतो. प्रश्न असा की किती जवळ?

मनात पहिल्यांदा आलं ते सरळ २५ मीटरला बांधायचं. सूत्रात घालून बघितलं: २५ वर शून्य, पण ५० वर २० × २५ ÷ २५, म्हणजे पूर्ण २० मिमी! १०० यार्डांच्या बांधणीला ५० मीटरवर ९ च होते. जवळच्या अंतराला बांधल्याची किंमत लांब मोजावी लागते, आणि दुप्पट अंतरावर ती पूर्ण अर्ध्या लेन्सएवढी होते.

मग वेगवेगळे आकडे घालत बसलो. ५० यार्डांना बांधला तर २५ मीटरवर ९ मिमी, ५० मीटरवर जेमतेम २. रिमफायरचे स्कोप बनवणाऱ्यांनी हे अंतर का निवडलं ते इथे दिसतं. ३७.५ मीटरला बांधला तर दोन्हीकडे सारखे, ६.७ मिमी. आणि त्यावर १८ ची टोपी चढवली तर दोन्हीकडे ३ मिमी. गोळीचाच व्यास ५.६ मिमी आहे. अर्ध्या गोळीएवढी चूक, तीही डोळा अगदी कडेला गेला तरच.

३७.५ ठरलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत, कारखान्याला सुट्टी. गच्चीवर पोरांचे पतंग आणि स्पीकर, म्हणून मी खाली पार्किंगमध्ये. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीचं पार्किंग लांबलचक आहे, टेपने ३७.५ मीटर मोजून भिंतीवर ग्राफ पेपर चिकटवला. रायफलीचा इथे संबंध नाही, ती कपाटात कुलपात. नुसता स्कोप लाकडाच्या व्ही ठोकळ्यात रबरबँडने बांधून टेबलावर. वॉचमनला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर दुर्बीण लावून बसलेला माणूस बघून सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू व्हायची.

हे काम हिवाळ्यातच करायचं. स्कोपच्या आत कोरडा नायट्रोजन भरलेला असतो, लेन्सची चूड, म्हणजे तिला धरून ठेवणारी आट्यांची रिंग, सैल केली की तो सुटण्याची शक्यता असते आणि बाहेरची हवा आत शिरते. जानेवारीतली नाशिकची कोरडी हवा चालते. जुलैत हेच केलं तर पहिल्या गारव्यात आतून काच धुरकटणार. वॉरंटी अर्थातच जाते, म्हणून जुन्या स्कोपवर. नव्या स्कोपवर मी हे करणार नाही आणि कुणाला करा म्हणणारही नाही.

पुढची शोभेची रिंग रबरी पट्ट्याने धरून उलटी फिरवली, ती सुटली. आत लेन्स धरणारी चूड, तिच्या कडेला समोरासमोर दोन खाचा. खाचांत बसेल अशी पट्टी पत्र्यातून कापलेली होती, टोकांना टेप गुंडाळून, काच ओरखडू नये म्हणून. सुरुवातीची जागा पेन्सिलने खूण करून ठेवली. मग पट्टीने डाव्या बाजूला, म्हणजे लेन्स बाहेरच्या दिशेने. टार्गेट जवळ येतं तसं चित्र मागे सरकतं, म्हणून लेन्स पुढे न्यायची, की चित्र परत क्रॉसवर येतं. किती पुढे? लेन्सची फोकल लांबी १५० मिमी धरली तर ९१ मीटरवरून ३७.५ वर यायला जेमतेम ०.३५ मिमी. म्हणजे चुडीचा पूर्ण फेरासुद्धा लागत नाही, आणि हात थोडा जास्त फिरला की पार निघून जातो.

८ डिसेंबरची दिशेची नोंद इथे कामाला आली. डोळा उजवीकडे आणि क्रॉसही उजवीकडे, तर टार्गेट अजून खांबाच्या अलीकडे आहे, लेन्स आणखी बाहेर काढायची. क्रॉस उलटा, डावीकडे गेला तर जास्त झालं, परत आत. या दोहोंमध्ये मागेपुढे करत एक जागा येते जिथे मान हलवली तरी क्रॉस कागदावर खिळल्यासारखा राहतो. चित्र धारदारही तिथेच झालं, कारण मागची लेन्स आधी नीट लावलेली होती. पुतणी तिळगूळ घेऊन खाली आली, तिलाही डोळा लावून मान हलवायला सांगितली. "हलत नाही काका." पेन्सिलची दुसरी खूण, शोभेची रिंग परत घट्ट, पुन्हा एकदा तपासणी, कारण रिंग आवळताना चूडही थोडी फिरू शकते. नव्हती फिरली.

रविवार, १९ जानेवारी

जुना स्कोप रायफलीवर चढवला. झीरो अर्थात नव्याने करावा लागला. लेन्स चुडीत अगदी मध्यावर बसलेली नसते, चूड फिरली की नेमही थोडा फिरतो.

ग्राफ पेपरवर टोपीशिवाय: २५ मीटरवर टोकापासून टोकापर्यंत चौकटीहून थोडं जास्त, ५० मीटरवरही तसंच. पण दिशा उलट! २५ वर क्रॉस डोळ्यासोबत जातो, ५० वर डोळ्याच्या विरुद्ध. दोऱ्या मधे कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या आहेत याचा यापेक्षा सरळ पुरावा मिळणार नाही. सुभेदार साहेबांनी दोन्ही लेनवर जाऊन स्वतः खात्री केली, मग हसून म्हणाले, "तोफखान्यात असतात तर तुम्हाला सर्व्हेला टाकलं असतं."

रविवार, २ फेब्रुवारी

शेवटी काडतुसं. आज मुद्दाम वाईट बसून मारलं, २५ मीटरवर. पाच गोळ्या डोळा मुद्दाम उजव्या कडेला ठेवून, चंद्रकोर दिसेल इतका, आणि पाच डाव्या कडेला. मग दोन ग्रुपांच्या मध्यांतलं अंतर मोजलं.

पहिला स्कोप, १०० यार्डांचा, टोपीशिवाय: दोन ग्रुप दोन सेंटिमीटरांहून जास्त दूर. उजव्या डोळ्याचा ग्रुप डावीकडे पडला, जे उलटं वाटतं पण तसंच यायला हवं: क्रॉस उजवीकडे सरकलेला दिसतो, आपण तो बुलवर (टार्गेटच्या मध्यावर) आणायला रायफल डावीकडे नेतो, गोळी डावीकडे जाते.

दुसरा स्कोप, ३७.५ ला बांधलेला, टोपी घालून: दोन ग्रुप एकमेकांत मिसळले. कुठली भोकं कुठल्या बाजूची हे सांगायला मला कागदावर आधीच पेनने खुणा कराव्या लागल्या.

रायफलीवर आता दुसरा स्कोप राहील, योगा मॅटसकट. टोपी सकाळी घालायची, ऊन उतरल्यावर काढायची, आणि टोपी काढल्यावर झीरो तपासायचा. पहिला पावसाळा झाला की स्कोप रात्री फ्रिजशेजारच्या गार फरशीवर ठेवून सकाळी आतून धुरकटतो का ते बघायचं. धुरकटला तर रिंगेखालचा रबरी ओ-रिंग बदलायचा.

सुभेदार साहेबांनाही टोपी हवी आहे. त्यांचा स्कोप ४×३२, ५० यार्डांना बांधलेला. २५ मीटरवर त्यांना हिशोबाने ७ मिमी येतात. १८ च्या भोकाने ते ४ होतील, पण ४× वर झोत साडेचार मिमीचा राहणार, म्हणजे डोळा सरकला तरी टोपी त्यांना ओरडून सांगणार नाही. त्यांच्यासाठी १२ मिमीचं भोक करून बघायचं: चूक पावणेतीन मिमी आणि झोत ३ मिमीचा. स्कोपच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून आणायला त्यांना सांगितलंय.